तू सांगितलेला शेवट

सुधाकर, काल तुझा तेरावा झाला आणि आज गुरुवार आहे.

आपल्या कंपनीची सुट्टी गुरुवारी, म्हणून आपला सिनेमाही गुरुवारी. सकाळचे साडेदहा वाजलेत. दिघीच्या घरात, माझ्या वरच्या खोलीत, पडदे ओढून बसलोय. सवयीनं दोन खुर्च्या मांडल्या आणि मग दुसरी उचलून ठेवावी का, असा विचार करत थोडा वेळ उभाच राहिलो. उचलली नाही. लॅपटॉपवर तो कोरियन सिनेमा लावलाय, ज्याला आपण ‘बर्फवाला’ म्हणायचो. आपण दोघांनी मिळून पाहिलेला शेवटचा. शेवटची वीस मिनिटं राहिलीत अशा जागी आणून तो थांबवलाय. पडद्यावर बर्फाच्या कारखान्याचं लोखंडी दार आहे. बटण दाबलं की ते उघडेल. बोट बटणावर आहे आणि दाबवत नाही. मला भीती वाटतेय, सुधाकर.

हसू नकोस. तुझ्या हसण्याचा आवाज मला अजून नीट आठवतो, म्हणून सांगतोय.

आपल्या ‘तिखटजाळ’ ग्रुपवर तीसेक माणसं आहेत. भोसरीचे, चिखलीचे, दोघंतिघं वाकडचे सॉफ्टवेअरवाले. कोरिया, जपान, थायलंड, इंडोनेशिया, जिथं म्हणून माणसाचं रक्त आटवणारा सिनेमा निघतो तो शोधून बघणारे आणि मग आठवडाभर त्यावर भांडणारे लोक. त्या सगळ्यांत तुझं नाव मोठं. कुणी नवा माणूस आला की त्याला सांगायचे, सुधाकरभाऊंना विचारा, त्यांनी सगळं पचवलंय. आणि खरं काय होतं ते फक्त मला माहीत होतं. अकरा वर्षांत, त्या शे-दीडशे सिनेमांतला एकही भयानक प्रसंग तू डोळ्यांनी पाहिलेला नव्हतास.

पहिल्याच सिनेमाला ते ठरून गेलं. जपानी होता. एक बाई जिन्यावरून खाली येत होती, नुसती येत होती, आणि तू माझं मनगट असं धरलंस की दुसऱ्या दिवशी तिथं निळं झालं होतं. डोळे गच्च मिटलेले. 

“काय व्हायलंय?” तू विचारलंस.

“जिना उतरतीये.”

“मग?”

“उतरली. आता कपाटाजवळ आहे.”

“कपाटात काय हाय? सांग की लवकर!”

मी सांगत गेलो. जे दिसेल ते, जसं दिसेल तसं. मग बाई निघून गेली आणि तू विचारलंस, “उघडू का?” मी म्हणालो, “थांब... हां, उघड.” तू डोळे उघडलेस, घाम पुसलास आणि म्हणालास, “जबरदस्त पिक्चर हाय, राव.” मला एवढं हसू आलं की खालून आई ओरडली, “आरं तान्या, दिवसाढवळ्या पडदं लावून काय बघताय रं दोघं? कामधंदा हाय का न्हाई?”

एकदा मी तुला विचारलं होतं, एवढी भीती वाटते तर बघतोस कशाला? तू तेव्हा शेंगदाणे खात होतास. म्हणालास, “प्रेसवर आठ तास डोळे मिटता येत न्हाईत. मिटले की बोटं गेली. घरी मिटले तर बायको विचारती काय झालं. इथं मी मिटतो. तू असतोस ना बघायला.” आणि पुन्हा शेंगदाणे खायला लागलास. मला वाटतं, कुणी माझ्यावर एवढा विश्वास टाकलेला माझ्या आयुष्यातला तो पहिलाच प्रसंग असेल. तेव्हा बोलायला हवं होतं.

चाकणच्या आपल्या कारखान्यात तू प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणाऱ्या त्या अजस्र मशीनवर, आणि मी तपासणीला. माझं काम बघायचं. भाग हातात घ्यायचा, उजेडात फिरवायचा, चीर आहे का, कड फाटलीय का, आणि भाग चांगला असेल तरच शिक्का मारायचा. तुझं काम तसं हातांचं, पण तू कानांनी करायचास. प्रेसचा दणका जरासा बदलला की तू मशीन थांबवायचास. “साचा गेला,” म्हणायचास. सुपरवायझर शिव्या घालायचा. मी भिंग घेऊन बघायचो आणि पत्र्याच्या कडेला केसाएवढी चीर सापडायची. तेव्हापासून तू मला ‘इन्स्पेक्टर’ म्हणायला लागलास आणि मी तुला, दोन घरं सोडून राहणाऱ्या लातूरकडच्या या माणसाला, माझ्या खोलीत बसवून घ्यायला लागलो.

सिनेमाचंही तेच. ग्रुपवर तू जी मतं मांडायचास ती सगळी कानांची असायची, म्हणूनच ती दुसऱ्या कुणासारखी नसायची. “कोरियन माणूस आधी कुऱ्हाड चालवतो आणि मग तासभर रडतो, म्हणून तो मला घरचा वाटतो.” “जपानी लोक ओरडत बी न्हाईत. शांत बसून पाणी पितात आणि जीव आपला जातो.” इंडोनेशियाचं भूत तुला सगळ्यात जवळचं, कारण ते थेट स्वयंपाकघरात येतं आणि त्याला घरातल्या सगळ्यांची नावं ठाऊक असतात. आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. मी म्हणायचो, दाखवायचं तर सगळं दाखवा, कॅमेरा मध्येच वळवणं हा पळपुटेपणा आहे. तू म्हणायचास, दाखवलं की भीती संपते, दाराआडून ऐकवलं की ती घरी सोबत येते. अकरा वर्षं आपण हे भांडलो. दिघीच्या लष्करी हद्दीतून सरावाचे बार वाजायचे आणि तू वाद घालता घालता खुर्चीतून उडायचास, आणि मी म्हणायचो, बघ, हे तर सिनेमात पण नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते तुझ्या हयातीत मी नीट कबूल केलं नव्हतं. मी तुला कापून सांगायचो. सुरुवातीला नाही. पण तुला स्वरा झाली, आणि तिच्यानंतर लहान पोरांचं काही आलं की तुझी पकड वेगळी व्हायची. मनगटाला मला तुझ्या काळजाची धडधड लागायची. मग मी एखादा वार गाळायचो. एखाद्या मेलेल्याला नुसतं बेशुद्ध करायचो. वाटायचं, याचं काय बिघडतंय? आणि खरं सांगायचं तर मला त्यात गंमत यायला लागली होती. एवढा मोठा दिग्दर्शक एवढा खर्च करून बाईला मारतो आणि मी दिघीत बसून तिला वाचवतो.

मग ती ‘शिंपीणबाई’ आली. जपानीच. शिवणकाम करणारी आई आणि तिनं मुलीच्या ओठांना घातलेले टाके. शेवट मी तुला सांगितला तो असा: आई रडते, कात्री घेते, एकेक टाका उसवते आणि मुलगी तिला ‘आई’ म्हणून हाक मारते. तू डोळे उघडलेस तेव्हा ते भरलेले होते. मला वाटलं, झालं, विषय संपला. पण तू घरी जाऊन ग्रुपवर लांबलचक लिहिलंस. टाके उसवणं म्हणजे माफी मागणं कसं आहे, ते आवाजातून कसं कळतं, कात्रीचा आवाज आधी कसा आणि नंतर कसा. मन लावून लिहिलं होतंस. 

वाकडच्या ऋषीनं विचारलं, “भाऊ, कुठले टाके उसवले? ती कात्री घेते ती कशाला, बघितलं नाहीत का? की झोपला होतात?” आणि मग सगळे तुटून पडले. हसणाऱ्या तोंडांची रांगच्या रांग. कुणी लिहिलं, सुधाकरभाऊ सिनेमा बघत नाहीत, स्वप्नं बघतात. दोन दिवस चाललं ते. मी सगळं वाचत होतो. एक ओळ लिहिली असती, की शेवट मी सांगितला होता, चूक माझी आहे, तर ते हसू माझ्याकडे वळलं असतं. नाही लिहिली. लोक मला काय म्हणतील याची मला भीती वाटली. रक्ताला न घाबरणारा तुझा इन्स्पेक्टर तीस हसऱ्या तोंडांना घाबरला.

दोन महिने तू बोलला नाहीस. कंपनीच्या बसमध्ये पुढं बसायचास, मी मागं. तुझी मान बघत चाकणपर्यंत जायचो. मग एका सकाळी मोशी ओलांडल्यावर तू उठून मागं आलास आणि शेजारी बसलास. 

“तान्या, मी घाबरतो हे खरं हाय,” तू म्हणालास. “पण भीती माझी हाय. ती मला किती वाटू द्यायची ते तू कोण ठरवणार? मी डोळे मिटतो ते तुझ्या भरवशावर. पुन्हा कापायचं न्हाई.”

“नाही कापणार.”

“शपथ?”

“शपथ, भावा.”

“मग ठीक हाय. त्या बाईनं कात्रीनं काय केलं ते सांग आता.”

मी सांगितलं. भरल्या बसमध्ये, हळू आवाजात, सगळं. तू डोळे मिटून ऐकलंस. चाकणच्या चौकात उतरताना म्हणालास, “तुझाच शेवट बरा होता. पण तो पिक्चरचा नव्हता.”

म्हणून त्या गुरुवारी तू पाकीट घेऊन आलास तेव्हा मला पळून जावंसं वाटलं होतं. तू महिनाभर जेवत नव्हतास. पँट कमरेला दोरीनं बांधल्यासारखी दिसायची. भोसरीला तपासणी झाली होती आणि त्याचा रिपोर्ट त्या पाकिटात होता. पाकिटाची कड फाटलेली होती. मला ती दिसली. एवढी वर्षं फाटलेल्या कडा शोधून पगार घेणारा माणूस मी, मला ती दिसली आणि वाटलं, लॅबवाल्यांनी तसंच दिलं असेल. 

तू नेहमीच्या खुर्चीत बसलास, पाकीट माझ्या मांडीवर ठेवलंस आणि डोळे मिटलेस. माझं मनगट धरलंस. 

“इन्स्पेक्टर, तू बघ,” म्हणालास. “काय व्हायलंय ते सांग. आणि कापू नको हां.”

मी कागद काढले. आपल्या तपासणी अहवालासारखंच असतं ते, निकाल शेवटच्या पानावर, खाली. तिथं इंग्रजीत चार ओळी होत्या. मला त्या समजल्या. गाठ पोटात होती आणि ती पोटात थांबलेली नव्हती. मी त्या ओळी तीनदा वाचल्या. खाली आईनं कुकर लावला होता. तुझी बोटं माझ्या मनगटावर होती आणि त्या बोटांना माझी नाडी कळत असणार, हे मला तेव्हा सुचलं नाही.

“उघड,” मी म्हणालो. “गाठ आहे, पण बारकी आहे. गोळ्या-इंजेक्शननं जाईल असं लिहिलंय.”

चौदा वर्षं मी एक खराब भाग पुढं जाऊ दिला नाही. सुपरवायझरशी भांडलो, मॅनेजरशी भांडलो. त्या दिवशी मी शिक्का मारला.

तू डोळे उघडलेस. रिपोर्टकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलंस. बराच वेळ. मग म्हणालास, “बरं झालं. चल, लाव पिक्चर.”

तो हा ‘बर्फवाला’. समुद्राकाठचा बर्फाचा कारखाना, त्याचा हसतमुख मालक आणि तिथं अडकलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी, केसांत पिवळी रिबन. तासभर मी बघितला. म्हणजे डोळे उघडे होते. पण पडद्यावर मला त्या चार ओळीच दिसत होत्या. आणि ते लोखंडी दार आलं, आतून मुलीचा हात दारावर वाजायला लागला, आणि माझे डोळे आपोआप मिटले. आयुष्यात पहिल्यांदा. हात चाचपडत तुझ्या मनगटावर गेला. केवढं बारीक झालं होतं ते.

“सुधा, काय व्हायलंय?” मी तुझ्याच बोलीत विचारलं.

तू सांगायला लागलास. मी तुला अकरा वर्षं सांगत आलो तसंच, सावकाश.

“दार उघडलंय. मालक आत आलाय. पाय घसरला बघ त्याचा, पडला. पोरगी निघाली. पळायली. बाहेर लई धुकं हाय.”

“मग?”

“शेजारचा एक माणूस आलाय. पांढरी गाडी हाय त्याची. बस म्हणायलाय तिला.”

धाडकन मोठा आवाज झाला. मी दचकलो. “हे काय होतं?”

“गाडीचं दार लागलं. बसली ती. निघाली गाडी.” मग बऱ्याच वेळानं म्हणालास, “संपलं. उघड आता.”

मी डोळे उघडले तेव्हा पडद्यावर नावं वर सरकत होती. तू शांत बसला होतास. डोळे सताड उघडे, कोरडे. मला वाटलं, माझ्या खोट्यानं तुला केवढा धीर आला. खरंच असं वाटलं मला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली.

नंतरचे सात आठवडे मी चोरासारखा काढले. त्याच संध्याकाळी सविता वहिनींना गाठून सांगितलं, वहिनी, असं असं आहे, त्याला कळू देऊ नका. त्या पदराशी चाळा करत नुसत्या मान हलवत राहिल्या. डॉक्टरांकडे जायचो तेव्हा मी आधी आत घुसून त्यांना हात जोडायचो, पेशंटसमोर बोलू नका. आणि तू काय करत होतास? गावाकडच्या भावाला फोन केलास, ज्याच्याशी बांधावरून चार वर्षं अबोला होता. नळांचे वायसर बदललेस. मीटरच्या पेटीतल्या प्रत्येक खटक्याखाली मार्करनं लिहिलंस, ‘पंखा’, ‘मोटर’, ‘स्वराची खोली’. मी तुझी चेष्टा केली, की घर काय परीक्षेला बसवतोयस का? तू हसलास. स्वराला सायकल शिकवताना तू पळू शकत नव्हतास, म्हणून कट्ट्यावर बसून नुसता ओरडायचास आणि मागं मी पळायचो. एवढं सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मला त्यात काही दिसलं नाही.

तू गेलास तेव्हा दुपार होती. त्यावर मी लिहिणार नाही. एवढंच सांगतो, की स्मशानात सगळ्यांनी पुढं होऊन तुझं तोंड बघितलं आणि मी डोळे मिटून उभा होतो. कुणीतरी मला खांद्याला धरून बाजूला घेतलं. आणि तेव्हापासून एकच गोष्ट छातीवर बसून आहे, की मी तुझे शेवटचे सात आठवडे चोरले. तुला माहीत असतं तर तू गावी जाऊन राहिला असतास. पोरीशी काही बोलला असतास. माझ्याशी बोलला असतास. शपथ घेतलेल्या माणसानं तुला अंधारात ठेवलं आणि तू त्याच्या भरवशावर, डोळे मिटून, निघून गेलास. गेले तेरा दिवस मी घास गिळताना हेच गिळतोय.

काल जेवणं उरकल्यावर मी पत्रावळ्या गोळा करत होतो. वहिनी जवळ आल्या. 

“भाऊजी, एक सांगू? ते म्हणाले होते, नंतर सांग.”

“काय?”

“तो रिपोर्ट त्यांनी आधीच वाचला होता. भोसरीहून येताना बसमध्ये. कळले नाहीत ते शब्द फोनमध्ये घालून बघितले आणि तिथूनच मला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाले, आता तानाजीकडं चाललोय.”

माझ्या हातातल्या पत्रावळ्या खाली पडल्या. “मग मला कशाला दाखवला?”

“मीबी तेच विचारलं. तर म्हणाले, त्याच्या तोंडून एकदा ऐकतो. घरी आल्यावर मी म्हटलं, काय म्हणाले भाऊजी? तर हसले. म्हणाले, कापलं त्यानं. आपण दोघं बघू, सविता. त्याला न्हाई बघवणार. त्याला राहू दे तसंच.”

म्हणजे मी वहिनींना गुपचूप सांगायला गेलो तेव्हा त्या माझ्यासाठी मान हलवत होत्या. सात आठवडे तुझ्या घरात डोळे मिटून फक्त मी फिरत होतो.

रात्रभर त्या फाटलेल्या पाकिटाचा विचार केला आणि सकाळी हा सिनेमा आठवला. ज्यानं सगळं वाचलं होतं, त्यानं मला त्या दिवशी शेवट सांगितला. तो खरा होता का? खरा असेल, तर तू तुझा शब्द पाळलास आणि मोडणारा मी एकटा. खोटा असेल, तर... खोटा असेल तर काय, ते मला नीट कळत नाही, पण त्याचीच जास्त भीती वाटतेय. दोन्हीकडून तुझ्याकडे बघायची हिंमत होत नाही. 

आई आत्ताच वर येऊन गेली. चहा ठेवला, दुसऱ्या खुर्चीकडं बघितलं. “येकटाच बघतोयस व्हय?” एवढंच म्हणाली आणि जाताना पडद्याची एक बाजू सरकवून गेली. उजेडाची पट्टी तुझ्या खुर्चीवर पडलीय. 

दाबतो बटण. डोळे उघडे ठेवतो. काय व्हायलंय ते तुला सांगतो, आणि यावेळी कापत नाही.

दार उघडलं. मालक आत आला. त्याचा पाय घसरत नाही, सुधाकर. तो मुलीशी गोड बोलतो, रिबन नीट करतो आणि बाहेर जाऊन दार लावून घेतो. तो धाडकन आवाज, जो तू मला गाडीच्या दाराचा सांगितलास, तो या दाराचा आहे. बाहेरून लागलेल्या लोखंडी दाराचा. प्रेसच्या दणक्यातली चीर ओळखणारे कान तुझे, तुला तो ऐकताच कळला असणार. मग बराच वेळ काही नाही, नुसती यंत्राची घरघर. मग सकाळ होते. माणसं बर्फाच्या लाद्या होडीत चढवतात, आणि एका लादीत पिवळी रिबन दिसते. संपतो सिनेमा.

हे तू बघितलंस. अकरा वर्षांत पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी बघितलंस ते हे. तुझ्याही घरात नऊ वर्षांची मुलगी आहे, माझ्या मांडीवर तो रिपोर्ट होता, आणि तू न थांबता, आवाज न कापता, मला गाडी सांगत होतास.

त्या अख्ख्या सिनेमात पांढरी गाडी नाही. कुठलीच गाडी नाही. शेजारी तर नाहीच, कारखान्याच्या आसपास एक घरसुद्धा नाही. पांढरी गाडी इथं आहे, माझी, खाली दारात उभी असलेली ती जुनी व्हॅन. आणि तुझ्यापासून दोन घरं सोडून राहणारा शेजारी कोण, ते मला आत्ता कळलं. तू मला शेवट सांगत नव्हतास. माझ्यावर काम सोपवत होतास, आणि ते तोंडावर सांगितलं असतंस तर मी ऐकूही शकलो नसतो, हेही तुला ठाऊक होतं.

खूप रडलो. तुला सांगायला लाज कसली.

मग फोन घेतला. परवा ऋषीनं ग्रुपवर विचारलं होतं, “तानाजीभाऊ, सुधाकरभाऊंसोबत शेवटचा कुठला पाहिलात? कसा वाटला?” मी उत्तर दिलं नव्हतं. आता लिहिलं: “बर्फवाला. त्याला आणि मला शेवट फार आवडला. शेजारचा माणूस पांढरी गाडी घेऊन येतो आणि मुलीला घेऊन जातो.” आणि त्याखाली आणखी एक ओळ, जी दोन वर्षांपूर्वी लिहायला हवी होती: “शिंपीणबाईचा शेवटही त्याला मीच सांगितला होता.”

पहिलं हसरं तोंड मिनिटाभरात आलं. मग दुसरं. ऋषीनं विचारलं, “भाऊ, कुठली गाडी? झोपला होतात का?” आणखी कुणीतरी काहीतरी लिहिलं. मी एकेक मेसेज वाचला. एकही गाळला नाही. 

मग उरलेला पडदाही सरकवला आणि व्हॅनची किल्ली घेतली. तेरा दिवसांनी आज स्वरा शाळेत गेलीय. साडेबाराला सुटते.